आठवी फेरी

"सातवी," बाबा म्हणाले. "तयार राहा."

आई तयारच होती. ती पाय पसरून शेंगा सोलत बसली होती आणि तिच्या डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर ठेवलेल्या विजेच्या बोर्डाच्या लाल बटणावर टेकलेला होता. नुसता टेकलेला; दाबायचा नाही. चार वर्षांच्या सरावानं तिला तेवढं कळत होतं.

टीव्हीवर एक पूल होता. पुलाच्या त्या टोकाला काळ्या घोड्यावर काळं चिलखत घातलेला एक इसम आणि या टोकाला आमची चार माणसं. बाबांच्या हातात रिमोट होता, म्हणजे खेळाचा, टीव्हीचा नव्हे. त्यांचा अंगठा 'मारा'च्या बटणाकडे निघाला, वाटेत थरथरला, शेजारच्या बटणाला वळसा घालून आला आणि शेवटी मुक्कामी पोचला. घोडेस्वार तोवर थांबून राहिला. चार वर्षं तो असाच थांबतो. त्या बाबतीत माणूस सज्जन आहे.

"नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव," बाबांनी वाचलं. "याच्यावर आकडाच नाही."

"मेला का?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय? आता त्याची पाळी."

घोडेस्वारानं भाला चालवला. आमच्या चौघांपैकी म्हातारा शिपाई सगळ्यांत पुढे उभा असतो. घाव त्यानं अंगावर घेतला. मागच्या पांढऱ्या झग्यातल्या बाईनं त्याच्यावर हात फिरवून त्याला बरं केलं. पुन्हा आमची पाळी, पुन्हा नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव, आणि मग आठव्या फेरीत घोडेस्वारानं भाला खाली ठेवून दोन्ही हात आकाशाकडे नेले.

"आता!"

आईनं अंगठा दाबला. टीव्ही काळा झाला. पंखाही बंद पडला, कारण तोही त्याच बोर्डावर आहे. आमच्या घरात युद्ध आणि वारा एकदमच थांबतात.

"वाचलो," बाबा म्हणाले आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"आणि वाटाणे सांडले," आई म्हणाली.

हा खेळ मुळात माझा. मी शाळेत असताना काकानं जुन्या बाजारातून यंत्र आणि एका पिशवीत सात कॅसेट आणून दिल्या होत्या. त्यातली ही एक. तिच्यावरचा कागद निघून गेलेला, आणि आतली भाषा अशी की अक्षरं बघून वाटावं, कुणीतरी काड्यापेटी उपडी केली आहे. खेळाचं नाव आम्हाला आजही ठाऊक नाही. नावच नाही, तर शोधायचं कसं? मी एकदा इंटरनेटवर 'पूल काळा घोडेस्वार' टाकून पाहिलं. पूल बांधणाऱ्या तीन कंपन्या आणि खोगिरांचं एक दुकान मिळालं. दुकानदार अजूनही मेसेज पाठवतो.

बाबा एका मोठ्या इस्पितळात लिफ्टमन होते. एकतीस वर्षं. डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळे त्यांना लिफ्टमामा म्हणत. खाकी वर्दी, छातीला बिल्ला, कोपऱ्यात लोखंडी स्टूल, आणि प्रत्येक फेरीला तेच वाक्य: "हात आत घ्या, दार बंद होतंय." हे वाक्य ते झोपेतही बोलत आणि आई खरोखर हात आत घेई. त्यांची एकच बढाई होती. "वरच्या मजल्यावर माणसं गेली, खालच्या मजल्यावर गेली. माझ्या लिफ्टमध्ये एकतीस वर्षांत एक माणूस गेला नाही."

मग उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहाच्या बशीला कळलं, मग आईला, मग इस्पितळाला. एके सकाळी पाचव्या मजल्यावर ऑपरेशनला न्यायचा पेशंट बाबांच्या बोटानं तळघरातल्या धुलाईखान्यात पोचवला. दार उघडलं. अर्धवट गुंगीतल्या त्या पेशंटनं चहूकडे लटकलेल्या पांढऱ्या चादरी आणि त्यातून येणारी वाफ पाहिली आणि शांतपणे हात जोडले. "पोचलो का?" त्यानं विचारलं. त्याला पुन्हा वर आणलं तेव्हा तो जरा नाराजच झाला म्हणतात. ऑपरेशन छान झालं. पण अधीक्षकांनी बाबांना बोलावून सांगितलं की तसंही आता आपोआप चालणाऱ्या लिफ्ट येणार आहेत. बाबांनी वर्दी, बिल्ला, चावी आणि स्टूल जमा केलं. स्टुलासाठी त्यांनी वेगळी सही मागून घेतली.

घरी बसल्यावर आठवड्याभरात ते मला म्हणाले, "ते तुझं मारामारीचं यंत्र काढ बरं. डॉक्टर बोटांना काम द्या म्हणालेत."

मोटारींचा खेळ लावला, तर मोटार पहिल्या वळणावर दुकानात शिरली. विमान उडालंच नाही. मग ही बिननावाची कॅसेट लावली, आणि बाबा खुर्चीत पुढे सरकले. कारण या खेळात तुम्ही बटण दाबेपर्यंत कोणी हलत नाही. राक्षस समोर उभा राहतो, जीभ बाहेर काढतो, पण तुमची पाळी संपल्याशिवाय हात उचलत नाही. तुमचा अंगठा पाच मिनिटांनी पोचो की पंधरा.

"हा खेळ सभ्य आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी एक वही केली. 'झोपडीसारखं अक्षर: मारणे. शिडीसारखं: मंत्र. पिशवीसारखं: औषध. शेवटचं: पळून जाणे. (वापरू नये.)' चौघांना नावं दिली. पांढऱ्या झग्यातली ती सिस्टर. काठी उगारून शत्रूला झोपवणारा तो भूलवाला. तलवारवाला तरुण म्हणजे पोरगं. आणि सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा दाढीवाला शिपाई, त्याला नुसतं 'म्हातारा'. मी एकदा विचारलं, "म्हातारा म्हणजे तुम्ही का?" तर म्हणाले, "मला कुठे दाढी आहे?"

या खेळाची रीत अशी की रानात हिंडायचं, किडामुंगी मारायची, त्यातून अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की माणूस एक पायरी वर चढतो. पूल साधारण बाराव्या पायरीला लागतो. बाबा तिथे आठव्या फेरीला अडले, म्हणून मागे फिरून त्यांनी पायऱ्या चढायला घेतल्या. वीस झाल्या, चाळीस झाल्या. चार वर्षांत चौघंही नव्व्याण्णवाव्या पायरीवर गेले. त्याच्यावर पायरी नाही. रानातले किडे आता आम्हाला बघून स्वतःच पळतात. पण आठव्या फेरीला तो दोन्ही हात वर करतो आणि चौघांचंही बळ एकदम शून्याकडे निघतं. ते शून्यावर पोचायच्या आत आईचा अंगठा. आमच्यातलं कोणी एकदाही मेलेलं नाही.

"अंगठा चालतोय तोवर पुलापलीकडे काय आहे ते बघायचंय," बाबा म्हणत. "मग बसतो गप."

अंगठा कुणाचा, ते सांगायची गरज नव्हती.

माझं काम सांगायला हवं. मी लिफ्टच्या कंपनीत फोनवर असतो. लिफ्ट अडकली की आतला माणूस घंटेचं चित्र असलेलं बटण दाबतो आणि तो आवाज आमच्या खोलीत वाजतो. मी म्हणायचं, "घाबरू नका, माणूस निघालाय." माणूस निघालेला असतोच असं नाही. मग तो पोचेपर्यंत आतल्याला बोलतं ठेवायचं. आमच्या हातात बाकी काही नसतं. बोलायला विषय म्हणून कंपनीनं कागद दिलाय: हवामान, छंद, बालपण. आजार आणि उंची हे विषय टाळावेत.

बाबांना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तूही लिफ्टमनच."

"नाही बाबा. मी लिफ्टमध्ये नसतो."

"तेच चुकलंय," ते म्हणाले.

तर एका मंगळवारी सकाळी घंटा वाजली. सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मध्ये एक गृहस्थ. आवाज शांत, मधूनमधून एक उसासा.

"माणूस निघालाय साहेब. हवा बरी आहे ना?"

"आत आहे तेवढी आहे."

हवामान संपलं. मी छंदावर आलो. गृहस्थ परकी भाषा शिकवत. ही भाषा का घेतली, म्हणून विचारलं, तर हसले. "सांगायला लाज वाटते हो. लहानपणी एक व्हिडिओ गेम होता, त्यातलं काही कळायचं नाही. ते कळावं म्हणून शिकलो. मग त्यातच पोट भरायला लागलो."

"कुठला गेम?" मी विचारलं. हे मी कागदाप्रमाणेच विचारलं होतं.

"तुम्हाला नाही माहीत असणार. चार जण असतात. एक पूल येतो, पुलावर काळा घोडेस्वार..."

मी खुर्चीतून उठलो. कानाला लावलेला फोन टेबलाला बांधलेला असल्यामुळे पुन्हा बसलो.

"साहेब," मी म्हणालो, "त्याला मारायचं कसं?"

"कुणाला?"

"घोडेस्वाराला. आठव्या फेरीला तो हात वर करतो. आम्ही नव्व्याण्णवावर आहोत. चार वर्षं झाली."

मग गृहस्थ इतके हसले की मला वाटलं, हवा संपणार.

"अहो, त्याला मारायचं नसतंच! त्याला मरणच नाही. तिथं हरायचं असतं. पुलाआधी गावातली आजीबाई सांगते की सगळं. तुम्ही हरता, पूल तुटतो, नदीतून वाहत जाऊन पलीकडच्या गावात शुद्धीवर येता. खरी गोष्ट तिथून सुरू होते. पूल म्हणजे पहिला धडा हो! चार वर्षं पहिल्या धड्यात? नव्व्याण्णव?" त्यांना पुन्हा हसू फुटलं. मग जरा वरमून म्हणाले, "माफ करा. पण तिघं तर वाचतातच—"

"तिघं? आम्ही चौघं आहोत."

तेवढ्यात फोनमधून लोखंड खरवडल्याचा आवाज आला. "आले बुवा! दार उघडतंय!" गृहस्थ म्हणाले.

"साहेब, थांबा! बाहेर पडू नका!" मी ओरडलो. शेजारच्या टेबलांवरच्या चौघी माझ्याकडे वळल्या. कंपनीच्या इतिहासात अडकलेल्या माणसाला आतच राहा म्हणणारा मी पहिलाच. "चौथा कोण जातो?"

"म्हातारा," त्यांचा आवाज लांबून आला. "तो पुलावरच राहतो. बाकीच्यांना जायला मिळावं म्हणून. बरं का, आभारी आहे हं—"

त्या दिवशी साहेबांनी मला बोलावून कागद पुन्हा वाचायला लावला.

घरी आलो तेव्हा बाबा आत पडले होते. मी स्वयंपाकघरात आईला सगळं सांगितलं. तिनं गॅस बारीक केला.

"म्हणजे हरलं की पुढे जातं?"

"हो."

"मग चार वर्षं माझा अंगठा काय शोभेला होता?"

"आपल्याला कुठे माहीत होतं?"

ती कोरडाच ओटा पुसत राहिली. "सांगू नकोस त्यांना."

"अगं, पण त्यांना पलीकडे जायचंय. तेवढं एकच मागतायत."

"म्हातारा जातो म्हणालास ना?"

"खेळ आहे तो."

"मला शिकवतोस? मागच्या खेपेला मेंदूचे डॉक्टर मला दाराबाहेर घेऊन काय म्हणाले, ते मी त्यांना अर्धंच सांगितलंय. 'गोळी वाढवली' एवढंच. गोळीनं बरं होणार नाही, नुसतं सावकाश होणार, हे नाही सांगितलं. आणि तू हे सांगणार?"

"मलाही नव्हतं सांगितलंस."

"तुलाही अर्धंच सांगितलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांना अर्धं अर्धं."

मी बाबांना सांगितलं नाही. आठ दिवस रोज संध्याकाळी ते पुलावर जात, रोज सात फेऱ्या लढत, रोज पंखा बंद पडे. आई आता अंगठा ठेवताना माझ्याकडे बघत नसे. मीही दिवसभर लोकांना माणूस निघालाय म्हणून सांगत होतो. घरी येऊन तेच न बोलता करत होतो.

नवव्या संध्याकाळी पाचव्या फेरीत बाबांचा अंगठा निघाला आणि पोचलाच नाही. तो बटणाच्या वर हवेत घिरट्या घालत राहिला, जागा न मिळालेल्या माशीसारखा. बाबांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तर दोन्ही हात हलायला लागले. घोडेस्वार थांबला होता. सिस्टर, भूलवाला, पोरगं, सगळे जागच्या जागी झुलत थांबले होते. आईनं शेंगांवरची नजर वर केली नाही. दहा मिनिटं गेली असतील. मग बाबांनी रिमोट माझ्यासमोर धरला.

"तू दाब रे."

चार वर्षांत त्यांनी एकदाही मला दाबू दिलं नव्हतं. मी बटण दाबलं. आणि सांगून टाकलं.

"बाबा, तो मरतच नाही. तिथं हरायचं असतं. हरलं की पलीकडे जातो."

बाबा टीव्हीकडेच बघत होते. "कोण म्हणालं?"

"लिफ्टमध्ये अडकलेला एक माणूस. त्याला ती भाषा येते."

"मग खरं असणार," ते म्हणाले. "लिफ्टमध्ये माणूस खोटं बोलत नाही. तेवढा वेळ नसतो." मग, "चौघंही जातात?"

"ते त्यानं नीट... फोन कट झाला."

"म्हणजे म्हातारा राहतो."

बाबा आईकडे वळले. "याला खोटं बोलता येत नाही. तुझ्यावर गेलाय."

"मी कधी खोटं बोलले?"

"गोळी वाढवली म्हणालीस."

वाटाण्याची शेंग आईच्या हातात उघडी राहिली.

"अगं, तुला दाराबाहेर घेऊन बोलले, मग तू गोळ्यांच्या रांगेत गेलीस आणि मी खाली यायला लिफ्टमध्ये शिरलो. सवयीनं बटणांपाशी उभा राहिलो. दोन शिकाऊ डॉक्टर आले. त्यांना वाटलं, मी लिफ्टमनच. 'तळमजला' म्हणाले. मी दाबला. दोनदा दाबावा लागला. मग आपसात बोलत राहिले, सात नंबरचा तो थरथर्‍या म्हातारा, किती दिवस हातानं जेवेल, किती दिवस चालेल, सगळं. डॉक्टर लिफ्टमनसमोर काही लपवत नाहीत. तो त्यांना दिसतच नाही." बाबा हसले. "सहा मजल्यांत माझं सगळं ऐकून झालं. उतरताना 'हात आत घ्या' म्हणालो, तर एकानं घेतलासुद्धा."

टीव्हीतून तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजत होते.

"बंद कर," बाबा म्हणाले.

आईनं अंगठा दाबला. पंखा थांबला. मला वाटलं, आटोपलं. आता बाबा रिमोटला वायर गुंडाळून ठेवून देतील.

"लाव पुन्हा," ते म्हणाले. "पुलाच्या अलीकडे घे. आणि रिमोट इकडे दे."

पुलाआधीच्या मोकळ्या जागेत चौघं रांगेत उभे राहिले. बाबांनी सामानाची यादी उघडली. चार वर्षांत त्या रानातलं जे जे भारी मिळालं, ते सगळं म्हाताऱ्याच्या अंगावर होतं, कारण पुढे तो उभा राहतो. बाबांनी अंगठा शिरस्त्राणाच्या ओळीवर न्यायला घेतला. तो घसरला, खालच्या ओळीवर गेला, परत आला.

"मी करू?" मी म्हणालो.

"नाही. हे माझं मी करतो."

त्यांनी शिरस्त्राण काढलं आणि पोरग्याच्या डोक्यावर घातलं. याला बराच वेळ लागला. मग ढाल. मग बूट, ते भूलवाल्याला. अंगठी सिस्टरला. चिलखत भूलवाल्याला द्यायला गेले तर यंत्रानं नकाराचा भोंगा वाजवला. मंत्रवाल्यांना जड काही चालत नाही. तेही पोरग्याला दिलं.

"ढगळ होईल त्याला," आई म्हणाली.

"वाढत्या अंगाचं आहे," बाबा म्हणाले.

तलवार काढताना ते मध्येच थांबले. "एक गेला होता," म्हणाले.

"कोण?"

"लिफ्टमध्ये. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. म्हातारे गृहस्थ होते, माझा हात धरला होता. सुटला. मला कळलं. वॉर्डबॉयलाही कळलं. पण मी त्यांच्याशी बोलतच राहिलो. 'आलंच, आलंच चौथं.' दार उघडलं, डॉक्टरांनी नाडी बघितली, वेळ लिहिली. कागदावर ते चौथ्या मजल्यावर गेले." त्यांनी तलवारीची ओळ दाबली, या वेळी अंगठा पहिल्याच खेपेत पोचला. "शून्याच्या आधी बटण दाबलं की झालं. कोणी जातच नाही."

म्हाताऱ्याच्या अंगावर आता नुसता सदरा होता आणि हातात खेळाच्या सुरुवातीला मिळते ती लाकडी काठी. मी म्हणालो, काठीही काढून विकता येते.

"काठी राहू दे," बाबा म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही. आणि त्याला उभं राहायला लागेल."

आमच्या दाराआडही एक काठी आहे. डॉक्टरांनी सांगितली म्हणून आणलेली. तिची किंमत लिहिलेला कागद अजून निघालेला नाही.

पुलावर गेलो. सदऱ्यातल्या म्हाताऱ्याला प्रत्येक घाव लागत होता. पूर्वी दहा-वीसनं उतरणारं बळ आता शेकड्यांनी उतरत होतं, आणि सिस्टर दर फेरीला बाकी सगळं सोडून त्याच्यावर हात फिरवत होती. बाबा तिला दुसरं काही करूच देत नव्हते. अंगठा पोचेल तेव्हा पोचत होता. तिसरी झाली, चौथी झाली. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, त्याचं पाणी आमच्या दारापर्यंत आलं, ते कोणी बघितलं नाही.

"सातवी," बाबा म्हणाले. तयार राहा म्हणाले नाहीत.

घोडेस्वारानं भाला खाली ठेवला. दोन्ही हात वर गेले.

"अहो," आई म्हणाली.

"नको दाबूस."

आईनं पाय उचलला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरला, चुकून खाली टेकू नये म्हणून.

पडदा पांढरा झाला. चौघांचे आकडे उतरत उतरत शून्यावर आले. ते शून्य आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. वाटोळं, साधं, बाकीच्या आकड्यांसारखंच. मग धूर सरला आणि पुलावर तिघं आडवे पडलेले दिसले. चौथा गुडघ्यावर होता. तो काठीवर भार देऊन उठला, घोडेस्वाराकडे तोंड केलं आणि मागे न बघता काहीतरी बोलला. काड्यापेटी उपडी केल्यासारख्या तीन ओळी उमटल्या.

"काय म्हणतोय?" आईनं विचारलं.

मी म्हणालो, मला काय माहीत. बाबा मात्र त्या तीन ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत, वाचत होते.

"हात आत घ्या म्हणतोय," ते म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं आणि पूल तुटला.

बराच वेळ नुसतं पाणी वाहत होतं. मग एक खोली उजळली. भिंतीशी चार पलंग. तीन पलंगांवर सिस्टर, भूलवाला आणि पोरगं. एकेक करून उठून बसले. कुठलंसं नवं गाव, खिडकीबाहेर आम्ही कधी न पाहिलेल्या रंगाचं रान. चौथा पलंग रिकामा होता, पण त्यावरची चादर ताठ ओढलेली.

"झोपलंच नाही कोणी त्यात," आई म्हणाली. "मग चादर कोणी घातली?"

"सिस्टरनं," बाबा म्हणाले. "कोपरे बघ कसे दुमडलेत."

त्यांनी रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. मी पोरग्याला पलंगावरून उतरवलं. ढगळ चिलखतात तो दाराकडे चालू लागला, मागे भूलवाला, मागे सिस्टर. उंबऱ्याशी मी थांबलो. या खेळात चौथा माणूस रांगेत येईपर्यंत थांबायची मला लहानपणापासून सवय आहे.

"चल," बाबा म्हणाले.

त्यांचा रिकामा हात गुडघ्यावर होता आणि अंगठा अजून बटण शोधत होता. आईनं पाय पोटाशीच धरला होता. पंखा चालू होता.